ताई, तुमच्या आवडीचं काय करायचं?

पुष्पाताई, तुम्हाला पोचवून माणसं परत आली, अंघोळी झाल्या आणि बायका ओसरीत टेकतात न टेकतात, तोच गल्लीतल्या एका बाईनं पदरानं नाक पुसत म्हटलं, "खायची लयच आवड होती न व त्यायले. अंगानं किती सुटल्या होत्या. मंग हार्ट तरी किती वागवन?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. दुसरी म्हणाली, "पण नशीबवान हो. अहेव गेल्या." मी, तुमची धाकटी जाऊ, सगळ्यांना पाणी देत फिरत होते. हातात भरलेला गडवा होता आणि तो कुणाच्या तरी डोक्यात घालावा असं मला मनापासून वाटलं. तुम्ही असता तर माझ्या हातातून तो काढून घेतला असता आणि त्या बाईला आधी चहा दिला असता. मी नुसती आत निघून गेले.

तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी बोलते आहे. काल तेरवी झाली, पाहुणे सकाळच्या गाड्यांनी गेले, म्हणून आता कागदावर बोलते. तुमचं माहेर, सासर, मागे कोण कोण आहे, ते सगळं पेपरातल्या चौकटीत छापून आलं. त्यात तुमचं वय चुकलं आहे, तुम्ही चांगल्या तरुण होऊन गेलात. त्याबद्दल घरात कुणी तक्रार केलेली नाही.

मला आठवतो तो माझा या घरातला पहिला आठवडा. नालवाडीला आमच्याकडे आई-बाबा आणि आम्ही भावंडं एकदमच जेवायला बसायचो. बाबा शिक्षक, घर लहान, वेगवेगळ्या पंगती घालायला जागाच नव्हती. सेलूला आले तर इथे सगळं दुकानाच्या तालावर. किराणा दुकान बंद ठेवता येत नाही म्हणून घरातली गडी माणसं एकेक करून जेवायला यायची, प्रत्येकाला तव्यावरची पोळी. मग मुलं. मग सासूबाई, म्हणजे आपल्या आई. मग तुम्ही आणि मी, तेव्हा भाजीच्या गंजात, त्या पातेल्याच्या तळाला, तेलाची कड तेवढी उरलेली असायची. तुम्ही त्यात भात टाकून हातानं फिरवलात, अर्धा माझ्या ताटात घातलात आणि म्हणालात, "अशानं चव लागते, संगीता. शिकून घे." मी शिकले. तुमच्या हाताला चव होती, त्यामुळे मला ते वाईटही वाटलं नाही.

मी तेव्हा काडी होते. आई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, "नालवाडीवाल्यायनं पोरीले उपाशी ठेवली का बाप्पा?" दुकानदाराची सून भरलेली दिसली पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक म्हणेल यांच्याच घरात खायला नाही. मग बाळंतपणात डिंकाचे लाडू, वाटीनं तूप, अळीवाची खीर, आणि उठायचं नाही. आणि अंग भरलं की तीच तोंडं हळदीकुंकवाला विचारायची, "काय व, किती फुगली!" आणि विचारता विचारता हातावर पेढा ठेवायच्या, वर "एक तरी घ्याच". आपण जाड कधी व्हायचं आणि बारीक कधी, हे आपल्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

उपासांचं गुपितही तुम्हीच मला सांगितलंत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, तुमचे इतके उपास की मला वाटायचं तुम्ही फार देवभोळ्या. एकदा साबुदाणा परतता परतता म्हणालात, "मले सोमवार याच्यासाठी आवडते, की त्या दिवशी माह्यासाठी कढई चढते." शेंगदाण्याचा कूट, बटाटा, तूप, सगळं कसं सढळ हातानं. घरात कुणी मागितलं तर "उपासाचं हाय" म्हणून झाकून ठेवता यायचं. एरवी तुम्ही काहीच झाकून ठेवत नव्हतात.

मग शुगर निघाली. आपण दोघी वर्ध्याला डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तुमच्याकडे न पाहता सांगितलं, "तोंडावर ताबा ठेवा. दोन घास कमी खा." येताना बस धरली. पवनार आलं, धाम नदीचा पूल आला, तिथे तुमचं माहेर म्हणून तुम्ही दर वेळी खिडकीतून मान बाहेर काढायच्या, त्या दिवशी काढली नाहीत. सेलूला उतरल्यावर म्हणालात, "संगीता, सारे उठल्यावर मी एकडाव जेवते. थे बी उरलंसुरलं. मंग हे अंग येते कुठून?" मी शाळेत विज्ञान शिकवते, मला तर बोलायला निमित्तच हवं असतं. मी उष्मांक, साखर, चरबी, सगळा धडा रस्त्यातच घेतला. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. "तुह्यं विज्ञान बरोबरच अशीन," तुम्ही म्हणालात, "पण थे पोटात जाते कोणत्या दारानं, थे पाहू."

दुसऱ्या दिवशी तुम्ही दिवाळीच्या चिवड्याचा स्टीलचा डबा काढून ओट्यावर ठेवलात. मला वाटलं काही करायला घेतलं. तुम्ही केलंत ते एवढंच, की रोज हातासरशी जे तोंडात टाकत होता ते त्या डब्यात टाकलंत. माझ्या धाकट्यानं टाकलेली तूप-साखरेची अर्धी पोळी. पोह्यांची कढईला लागलेली खरवड. दुधाच्या पातेल्याची साय. भाऊजींच्या, म्हणजे तुमच्या मालकांच्या, ताटातला कालवलेला भात. करपलेली म्हणून कुणी न घेतलेली पोळी. दुकानातून आलेली फुटकी बिस्किटं, ती विकता येत नाहीत म्हणून नेहमी आपल्याकडे यायची. शेजारणीच्या घरचा प्रसादाचा शिरा. आदल्या दिवशीची वांग्याची भाजी, संध्याकाळी खराब होईल म्हणून. एकही वस्तू तुम्हाला हवी म्हणून घेतलेली नव्हती. वाया जाऊ नये म्हणून घेतलेली होती.

संध्याकाळी सगळे जेवायला असताना तुम्ही तो डबा मधोमध ठेवलात आणि झाकण काढलंत. डबा काठोकाठ भरला होता आणि वासही येत होता. "हे माह्यं जेवण," तुम्ही म्हणालात. "जेवणाच्या आधीचं."

भाऊजींनी नाक मुरडलं. "अवं, हे तं गाईले द्याचं असते."

"मंग इतके वर्सं मीच होती न गाय."

कुणाला हसावं का नाही ते कळेना. शेवटी तुम्हीच आधी हसलात, पोट हलवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई मात्र भडकल्या. "अन्न वाया घालून राह्यली! लक्ष्मी जाईन घरातून." तुम्ही हसू पुसलंत आणि अगदी मऊ आवाजात म्हणालात, "आई, माह्या पोटात घातलं तरी वायाच गेलं थे." त्यावर आई ताट सरकवून जेवणावरून उठल्या.

मी आजवर शिकवलेल्या सगळ्या प्रयोगांपेक्षा तो डब्याचा प्रयोग मोठा होता, ताई. मी तो वर्गात सांगते, तुमचं नाव घेऊन सांगते.

त्यानंतर घरात दोन गोष्टी बदलल्या. कणीक मोजून भिजू लागली. आणि रात्रीचं जेवण सगळ्यांचं एकदम, दुकानाचं शटर ओढल्यावर. सणाला, जेव्हा पाहुणे असतात आणि पंगती कराव्याच लागतात, तेव्हा तुमचा नियम असा की देवाचा नैवेद्य झाला की पहिली पंगत चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बायकांची. महालक्ष्म्यांच्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा तो चालवलात तेव्हा केवढा गहजब झाला! सकाळपासून निरंकार राहून सोळा भाज्या, कढी, पुरण, आंबील करायची, संध्याकाळपर्यंत गडी माणसांच्या पंगती उठवायच्या आणि मग डोकं भणभणत असताना दुप्पट खायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. तुम्ही पाट मांडलेत, आम्हाला बसवलंत आणि बाहेर ताटकळलेल्या पाहुण्यांना सांगितलंत, "दहा मिनिटं पेपर वाचा." आईंच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की त्या त्या पंगतीला कधीही बसल्या नाहीत. दर वर्षी तुम्ही त्यांचा पाट मांडायच्या, दर वर्षी तो रिकामा राहायचा.

चालायला जायचं ठरलं तेव्हाची गंमत आठवते? बाई काही कामाशिवाय रस्त्यानं चालते, हे गावाला पचेना. "काऊन व, कोण आजारी हाय?" "कुठं चालल्या दोघी?" तुम्ही शक्कल काढलीत. हातात पूजेचं तबक, त्यात चार फुलं, वर झाकायला जाळीचा रुमाल. मग कुणी काही विचारेना, उलट वाट देऊ लागले. आपण गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत जायचो, मारुतीला लांबून हात करायचो आणि परत. पवनारला लहानपणी धामच्या काठानं शेतात धावायच्या तुम्ही, लग्नानंतर पहिल्यांदा इतकं चाललात. एक दिवस फाटकातून परत वळून तुम्ही तबक तुळशीपाशी ठेवलंत आणि म्हणालात, "देवाले कायले मधात घ्या दर खेपी? आपल्या पायानं चालून राह्यलो न?" त्या दिवशी एकानं विचारलंच. तुम्ही सांगितलंत, "कुठं नाई. चालून राह्यलो."

आणि आपलं ते भांडण, ते तसंच अर्धवट राहिलं. मी फोनवर काहीबाही पाहून रात्रीचं जेवण सोडलं होतं. सकाळी कोमट पाणी, दुपारी काकडी, संध्याकाळी चिडचिड. तुम्ही चिडवलंत, "आधी सासूनं सांगितलं म्हणून उपाशी, आता फोननं सांगितलं म्हणून उपाशी. तुले कवा भूक लागते थे तू कवा सांगशीन?" माझं डोकं आधीच फिरलेलं. मी फटकन म्हटलं, "तुम्ही तर आता सगळ्यांसोबत बसून गरम गरम जेवता ना? वजन किती उतरलं तुमचं?" तव्यावरची पोळी तुम्ही उलटलीत. "वजन नाई उतरलं लय," तुम्ही म्हणालात. "शुगर उतरली. पण संगीता, मी थे वजनासाठी..." तेवढ्यात दुकानातून हाक आली, तुम्ही सराटा माझ्या हातात देऊन गेलात आणि ते वाक्य कधी पुरं झालं नाही. मला वाटलं, कधीही विचारता येईल.

तर ज्या बाईनं ओसरीत बसून तुमच्या अंगाचा हिशोब केला, तिचं एक खरं आहे. तुम्ही जाडच होता आणि जाडच गेलात. मी ते लपवणार नाही. एवढ्या वर्षांचं दुसऱ्यांचं उरलेलं अंगावर चढलेलं, ते नुसतं पाट मांडून कसं उतरेल? पण खायची आवड म्हणे! तिथेच माझं डोकं फिरतं.

तुम्ही गेल्यावर घर किती पटकन मागे गेलं, ते सांगायला मला लाज वाटते. भेटायला येणाऱ्यांची रीघ. आधी पाहुणे, मग गडी, मग मुलं, मग म्हातारी माणसं. कुणी ठरवून केलं नाही, पाणी उताराला लागावं तसं झालं. तुमची सून पूजा, जिला लग्न होऊन आली त्या दिवसापासून तुम्ही आपल्याबरोबर बसवलंत, ती मला दुपार कलल्यावर ओट्याशी उभी दिसली. लेकाची अर्धी पोळी चहात बुडवून भराभर खात होती. मी म्हटलं, "अगं, बस की." ती म्हणाली, "काकू, कुठं बसू? अन् आता आई नाईत." तो चिवड्याचा डबा वर फळीवर होता, त्यात कुणीतरी पाहुण्यांसाठी शेव भरून ठेवली होती. मला तुमच्या जाण्याचं खरं रडू त्या वेळी आलं. तुम्ही गेलात ते एकदा, आणि आता तुम्ही केलेलंही जाणार, असं वाटलं.

परवा तेरवीचा बेत ठरवायला सगळे बसले. चुलत सासऱ्यांनी, नानांनी, नेहमीचा प्रश्न विचारला, "पुष्पाच्या आवडीचं काय करायचं?" गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ पानात हवाच. भाऊजी म्हणाले, "पुरणपोळी." पूजा खालच्या मानेनं म्हणाली, "बाबा, ती तुमची आवड." तुमचा मुलगा म्हणाला, "गोळाभात करा." तो त्याचा. आईंनी वांग्याचं भरीत म्हटलं आणि मग स्वतःच मान हलवून ते खोडलं, कारण ते त्यांच्यासाठी व्हायचं. नणंद म्हणाली, "वहिनीले सारंच आवडे." ज्या बाईला खायची लयच आवड होती, तिच्या आवडीचा एक पदार्थ भरल्या घरात कुणाला सांगता येईना. भाऊजींना अख्ख्या गावाचं माहीत आहे, कुणाला कोणता चहा लागतो, कोण कोणती डाळ नेतं. ते पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसले आणि मग त्यांना जे रडू फुटलं, ते तुम्हाला नेलं तेव्हाही फुटलं नव्हतं.

मी तुम्हाला डोळ्यांपुढे आणून पाहिलं. भाजी वाढेपर्यंत तुम्ही थांबायच्या नाहीत. पहिली पोळी फुगून ताटात आली की बोटानं फोडायच्या, वाफ तोंडावर घ्यायच्या, डोळे मिटायच्या, मीठ-तेल लावून अर्धी तशीच खायच्या. मग डोळे उघडून आम्हाला म्हणायच्या, "खा न व, थंडी होईन."

"पोळी," मी म्हटलं.

"साधी?" नानांनी विचारलं.

"साधी. पण तव्यावरची. आणि बसून."

काल अंगणात मांडव, बाहेर माणसंच माणसं. पूजा, मी आणि भावकीतल्या बायका पहाटेपासून चुलीपाशी. विधी झाले, पहिलं पान तुमचं वाढलं, फोटोपुढे. नाना हाताची घडी सोडून म्हणाले, "चला, आता गडी माणसं बसवा. बायकायचं मागून पाहू." मी पुढे झाले. तुमचा नियम माझ्या जिभेवर होता, तोंडातून मात्र निघेना. तुम्ही किती सहज म्हणायच्या ते! पूजानं पहिल्या पंगतीसाठी पोळ्यांची चवड उचललीसुद्धा होती.

तेवढ्यात काठी वाजली. आई खोलीतून बाहेर आल्या. भिंतीला टेकवलेला एक पाट त्यांनी काठीनं ओढत ओढत आणला, तुमच्या पानाच्या शेजारी लावला आणि त्यावर बसल्या. "पूजा, संगीता, अन् साऱ्या लाटणाऱ्या," त्यांनी हाक मारली, "इकडं या."

नाना म्हणाले, "वहिनी, लोक खोळंबले न बाहेर."

"खोळंबू दे. लय वर्सं एकटी जेवली थे, सारे उठल्यावर. आज नाई."

आम्ही बसलो, ताई. कणकेचे हात पुसत, एकमेकींकडे न पाहता बसलो. लाटून ठेवलेल्या पोळ्या तव्यावर टाकायला तुमचा मुलगा उभा राहिला आणि भाऊजी वाढायला आले. मोठ्या दिरानं वाढायचं आणि मी खायचं, माझा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. त्यांना वाढता येत नाही. पहिली पोळी त्यांनी तुमच्या पानात ठेवली, दुसरी आईंच्या, तिसरी माझ्या, अर्धी ताटात अर्धी पाटावर. मी ती फोडली. वाफ तोंडावर आली. तुमचं ते अर्धवट राहिलेलं वाक्य पुढे काय होतं, ते मला तेव्हा कळलं असं वाटलं. ते मी इथे लिहीत नाही, तुमचं आहे.

पूजाचा लेक हातात उरलेला तुकडा घेऊन तिच्याकडे आला आणि तो तिच्या तोंडाशी धरू लागला. तिनं त्याचा हात हळूच बाजूला केला. मग भाऊजींकडे पाहिलं, जरा घुटमळली आणि म्हणाली, "बाबा, मला अजून एक."

भाऊजी आणायला वळले.